‘काही नाही, पित्त उठलंय’ म्हणणाऱ्या घरच्या पुरुषांसाठी

आपल्या घरांत आईला ताप आला तर सगळे घर हलते. मुलाला खोकला झाला तर रात्रीच डॉक्टर गाठला जातो. अब्बूंच्या अंगावर मात्र लाल चट्टे उठले, ओठ सुजला, छातीत घरघर झाली, तरी ते म्हणतात, ‘काही नाही, पित्त उठलंय. सकाळपर्यंत उतरेल.’ आणि घरचेही मान्य करतात, कारण कर्त्या पुरुषाच्या दुखण्याला दुखणे म्हणायची आपल्याला सवय नाही.

बहुतेक वेळा ते सकाळपर्यंत उतरतेही. पण काही वेळा तीच पित्ती अर्ध्या तासात जीव घेऊ शकते. वैद्यकशास्त्रात या झटक्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. शब्द अवघड आहे, पण तो ओळखणे अवघड नाही आणि पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे हेही चौथीतल्या मुलाला शिकवता येते. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. म्हणून या लेखात आम्ही तेवढेच सांगणार आहोत जे जगभरचे डॉक्टर एकमताने सांगतात आणि जे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असायला हवे.

१९ नोव्हेंबर हा आंतरराष्ट्रीय पुरुष दिन. १९९९ साली त्रिनिदाद आणि टोबॅगो या छोट्याशा देशातील एका प्राध्यापकाने तो सुरू केला. आपल्याकडे तो फारसा कोणी पाळत नाही. पण पुरुषांच्या तब्येतीवर घरात एकदा मोकळेपणाने बोलायला निमित्त हवेच असेल, तर हे निमित्त वाईट नाही.

ॲलर्जी म्हणजे नेमके काय?

आपल्या शरीरात एक पहारेकरी फौज असते. जंतू आत आले की ती त्यांच्याशी लढते. काही माणसांच्या शरीरात ही फौज गफलत करते. शेंगदाणा, झिंगा, मधमाशीचा डंख, वेदनाशामक गोळी अशा गोष्टींना ती शत्रू समजते. पहिल्यांदा ती वस्तू शरीरात गेली तेव्हा बऱ्याचदा काहीच दिसत नाही, फौज फक्त तिची ओळख लक्षात ठेवते. पुढच्या वेळी तीच वस्तू आली की एकदम हल्ला होतो. त्वचेखालच्या आणि आतड्यांच्या, फुप्फुसांच्या अस्तरातील पेशी हिस्टामिन व इतर रसायने सोडतात. रक्तवाहिन्या सैल पडतात, त्यांतले पाणी बाहेर झिरपते, अंग सुजते, श्वासनलिका आवळल्या जातात आणि रक्तदाब कोसळतो.

याचा शोध एका उलट्याच प्रयोगातून लागला. फ्रान्सचे शार्ल रिशे आणि पॉल पोर्तिए हे दोन शास्त्रज्ञ समुद्री प्राण्यांच्या विषावर काम करीत होते. थोडे थोडे विष टोचून कुत्र्यांना त्या विषाची सवय लावता येईल, असा त्यांचा अंदाज होता. झाले भलतेच. पहिली मात्रा सहज पचवलेला कुत्रा काही आठवड्यांनी त्याहूनही लहान मात्रेने काही मिनिटांत मेला. रक्षण होण्याऐवजी नेमके उलटे झाले, म्हणून १९०२ मध्ये त्यांनी ‘रक्षणाच्या उलट’ अशा अर्थाचा अ‍ॅनाफिलॅक्सिस हा शब्द बनवला. १९१३ मध्ये रिशे यांना याच कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

या गोष्टीतला धडा आपल्या घरासाठी महत्त्वाचा आहे. ‘मी तर ही गोळी आधीही घेतलीय, तेव्हा काही झालं नाही,’ हे वाक्य निर्धास्त व्हायचे कारण होऊ शकत नाही. आधी घेतली होती, म्हणूनच शरीराने तिची ओळख ठेवलेली असते.

साधी पित्ती कोणती, धोक्याची कोणती?

नुसत्या गांधी उठल्या, खाज आली, पण माणूस नीट बोलतो आहे, श्वास मोकळा आहे, चक्कर नाही, तर ती बहुधा साधी ॲलर्जी असते. तरीही त्या माणसाला पुढचे काही तास एकटे सोडू नये.

धोक्याची खूण अशी लक्षात ठेवावी : त्वचा आणि त्यासोबत आणखी एक. म्हणजे अंगावर गांधी, लाली, ओठ किंवा डोळे सुजणे यांच्या जोडीला पुढीलपैकी काहीही दिसले की तो गंभीर झटका समजावा :

– श्वास घ्यायला त्रास, छातीत शिट्टीसारखा आवाज, सारखा खोकला;
– आवाज बसणे किंवा बदलणे, घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटणे, जीभ जड होणे, थुंकी गिळता न येणे;
– डोळ्यांपुढे अंधारी, चक्कर, थंड घाम, बेशुद्ध पडणे;
– एकसारख्या उलट्या, पोटात जोराची कळ, जुलाब.

दोन गोष्टी आणखी. एक, काही रुग्णांच्या अंगावर गांधी उठतच नाहीत. ज्या वस्तूची ॲलर्जी आहे हे आधीपासून माहीत आहे ती पोटात गेली किंवा डंख बसला, आणि लगेच श्वास अडकू लागला किंवा माणूस कोसळला, तर गांधींची वाट पाहू नये. दुसरी, बरेच रुग्ण सुरुवातीलाच सांगतात, ‘मला काहीतरी भयंकर होतंय असं वाटतंय.’ हे घाबरणे नसते. शरीर देत असलेला तो इशारा असतो, त्याची थट्टा करू नये.

नागपूरच्या उन्हाळ्यात माणसे चक्कर येऊन पडतात, इंजेक्शनची सुई पाहूनही पडतात. मग फरक कसा करायचा? नुसत्या भोवळीत माणूस पांढराफटक पडतो, आडवा केला की मिनिटा-दोन मिनिटांत सावरतो, अंगावर गांधी नसतात, श्वासात घरघर नसते. आडवे करूनही सावरत नसेल तर भोवळ समजून पाणी शिंपडत बसू नये.

पुरुषांचा वेगळा विचार कशासाठी?

ॲलर्जी बाई-पुरुष पाहत नाही, हे खरे. पण मरण कोणाच्या वाट्याला अधिक येते, याचा हिशेब वेगळा आहे. अमेरिकेत २००० ते २०१७ या काळात मधमाश्या, गांधीलमाश्या यांच्या डंखाने १,१०९ माणसे दगावल्याची सरकारी नोंद आहे. त्यांत सुमारे ८० टक्के पुरुष होते.

कारणे आपल्या मोहल्ल्यातही दिसतात. उंच इमारतीला बाहेरून रंग देणारा कोण? लग्नाचा मंडप बांधायला बांबूवर चढणारा, पाण्याच्या टाकीवर प्लंबिंग करणारा, विजेच्या तारांपर्यंत आलेल्या फांद्या तोडणारा, काटोल-नरखेडच्या संत्राबागांत फवारणी आणि तोडणीला जाणारा कोण? बहुतेक पुरुषच. आग्या मोहोळ असते ते नेमके अशाच जागी : उंच झाडावर, पुलाखाली, टाकीच्या कठड्याला.

दुसरे कारण वयाचे. चाळिशीनंतर हृदयाच्या रक्तवाहिन्या पूर्वीइतक्या धडधाकट राहत नाहीत. ज्याला रक्तदाब आहे, हृदयविकार आहे किंवा दमा आहे, त्याला हा झटका अधिक जड जातो. आणि आपले किती पुरुष रक्तदाब तपासून घेतात? तपासणी झालेली नसते, म्हणून ‘मला बीपी नाही’ असे ते छातीठोकपणे सांगतात.

तिसरे कारण औषधांचे. रक्तदाब किंवा हृदयासाठी दिल्या जाणाऱ्या मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल, प्रोप्रॅनोलॉल अशा गोळ्या चालू असतील तर ॲलर्जीच्या झटक्यावरचे मुख्य औषध कमी चालते. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या जातीच्या गोळ्यांनी काहींचे ओठ आणि जीभ आपोआपच सुजतात. याचा अर्थ या गोळ्या मनाने बंद करायच्या असा मुळीच नाही, तसे करणे अधिक धोक्याचे. अर्थ एवढाच की ज्याला पूर्वी ॲलर्जीचा झटका आला आहे त्याने डॉक्टरांना हे सांगावे, आणि डॉक्टर ठरवतील.

चौथे कारण सर्वांत साधे : न सांगणे. दुकानातून उठता येत नाही, रोजंदारी बुडते, ऑटो उभा राहिला की त्या दिवशीचा हप्ता निघत नाही. म्हणून दाढ दुखली की पुरुष मेडिकलच्या काउंटरवर जातो आणि ‘एक स्ट्राँग गोळी द्या’ म्हणतो. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन यांसारख्या वेदनाशामक गोळ्या आणि अमॉक्सिसिलिनसारखी प्रतिजैविके ही औषधांच्या ॲलर्जीची नेहमीची कारणे आहेत, आणि नेमकी हीच औषधे सर्वाधिक बिनचिठ्ठीची घेतली जातात.

दाढी आणि केस काळे करणाऱ्यांसाठीही एक सूचना. अनेक काळ्या डायमध्ये आणि झटपट रंगणाऱ्या ‘काळ्या मेहंदी’मध्ये पीपीडी नावाचे रसायन असते. त्याने डोके, पापण्या, चेहरा इतका सुजू शकतो की डोळे उघडत नाहीत. एकदा थोडी खाज आली असेल तर पुढच्या वेळी अधिक होते. डाय लावण्यापूर्वी ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावा, असे पाकिटावरच लिहिलेले असते.

स्कूटरवर मधे बसवून नेणे

आमच्या शाळेतील एका विद्यार्थ्याचे वडील रंगकाम करतात. दाढ दुखली म्हणून त्यांनी इशाच्या नमाजनंतर दुकानातून आणलेली गोळी घेतली. याआधी अशाच गोळीने दोनदा अंगावर गांधी उठल्या होत्या. पण ते घरी कोणाला बोलले नव्हते. या वेळी वीस मिनिटांत तळहात खाजू लागले, आवाज घोगरा झाला, उलटी झाली आणि ते न्हाणीघराच्या दारात बसकण मारून कोसळले. गल्ली अरुंद. भाऊ आणि मेहुण्याने त्यांना स्कूटरवर मधे बसवले, एकाने मागून धरले आणि निघाले. वाटेतच त्यांची मान पडली. सुदैवाने मोठे इस्पितळ जवळ होते. मांडीत इंजेक्शन दिले गेले, सलाइन लागले, दोन दिवसांनी ते घरी आले. अल्लाहचा फजल.

भावाने आणि मेहुण्याने जे केले ते प्रेमापोटी केले. आपणही तेच केले असते. पण हीच गोष्ट सगळ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. झटक्यात रक्तवाहिन्या सैल पडलेल्या असतात, रक्त पायांकडे साचते. अशा वेळी माणसाला उभे केले किंवा बसवले की हृदयाकडे परतणारे रक्त आणखी कमी होते आणि हृदय रिकामेच धडकू लागते. ब्रिटनमधील डॉक्टर रिचर्ड पम्फ्री यांनी अशा मृत्यूंचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. आडव्या माणसाला उठवून बसवल्यावर किंवा उभे केल्यावर काही सेकंदांतच मृत्यू झाल्याची उदाहरणे त्यांनी २००३ मध्ये मांडली.

त्यांच्याच २००० सालच्या अभ्यासातला वेळेचा हिशेबही डोळे उघडणारा आहे. दगावलेल्या रुग्णांत श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतचा मधला काळ असा होता : इंजेक्शनने दिलेल्या औषधामुळे ५ मिनिटे, डंखामुळे १५ मिनिटे, अन्नामुळे ३० मिनिटे. म्हणजे ‘आधी पाहू, मग नेऊ’ एवढी सवड नसते.

मग अरुंद गल्लीत काय करायचे? चादर किंवा सतरंजी घ्यावी, तिच्यावर माणसाला आडवे करावे, चार जणांनी चार टोके धरून गल्लीच्या तोंडाशी न्यावे. खाट असेल तर खाटेवर न्यावे. तिथे रुग्णवाहिका, व्हॅन किंवा मागची सीट मोकळी असलेली कोणतीही गाडी येऊ शकते. सीटवरही आडवेच ठेवावे. दुचाकी नको.

पहिल्या दहा मिनिटांत काय करायचे?

हा भाग कापून स्वयंपाकघराच्या दाराला लावला तरी चालेल.

१. कारण थांबवा. तोंडात घास असेल तर थुंकायला लावा. सलाइन किंवा इंजेक्शन चालू असेल तर लगेच सांगून थांबवा. मधमाशीचा काटा अंगात असेल तर ताबडतोब काढा, नखाने काढा किंवा खरवडून काढा. पद्धतीपेक्षा घाई महत्त्वाची.

२. आडवे झोपवा, पाय उशीवर किंवा खुर्चीवर उंच करा. श्वास फार अडकत असेल आणि आडवे राहवत नसेल तरच पाय पसरून टेकून बसवा. उलटी होत असेल किंवा शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा. गरोदर स्त्रीला डाव्या कुशीवर. उठवू नका, चालवू नका, ‘जरा बाथरूमला जाऊन येतो’ म्हणाला तरी जाऊ देऊ नका.

३. डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे पेन-इंजेक्शन घरात असेल तर ते मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधोमध द्या. कपड्यावरूनही देता येते. वेळ पाहून ठेवा.

४. १०८ वर फोन करा. महाराष्ट्रात ही मोफत रुग्णवाहिका सेवा २०१४ मध्ये ९३७ गाड्यांनिशी सुरू झाली, गाडीत डॉक्टर असतो. फोनवर घाबरून ‘लवकर या’ एवढेच म्हणू नका. असे सांगा : ‘ॲलर्जीचा झटका आहे, श्वास अडकतोय, माणूस कोसळलाय.’ मग पत्ता, जवळची खूण, गल्लीच्या तोंडाशी कोण उभे आहे ते. गाडीला वेळ लागेल असे कळले तर थांबू नका, आडवे ठेवून जवळच्या मोठ्या इस्पितळात न्या. मोमीनपुऱ्याला मेयो जवळ आहे, ताजबागच्या बाजूला मेडिकल. आपल्या घरापासून चोवीस तास उघडे असलेले इस्पितळ कोणते, हे आजच ठरवून ठेवा.

५. श्वास थांबला, हालचाल नाही, तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हात ठेवून जोरात दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटीमीटर खोल, मदत येईपर्यंत.

आता काय करू नये तेही. तोंडात पाणी, दूध, मध, लिंबूपाणी ओतू नका. घसा सुजलेला असतो, ते फुप्फुसात जाते. पित्तीवर गेरू लावून घोंगडीत गुंडाळून ठेवण्याचा जुना उपाय साध्या पित्तीला कदाचित निभावून जात असेल, इथे तो फक्त वेळ खातो. सेट्रिझिनसारखी गोळी खाज कमी करते. पण तिला अर्धा-एक तास लागतो आणि ती श्वास किंवा रक्तदाब सावरत नाही. ती दिली म्हणून निश्चिंत होऊ नका.

आग्या मोहोळ उठले तर वेगळी सूचना : हात झटकू नका. नाकतोंड कपड्याने झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. एका माशीने डंख मारला की त्या जागी जो वास सुटतो त्याने बाकीच्या माश्या तिथेच येतात. शेकडो डंख बसले असतील तर ॲलर्जी नसली तरी ते विषच असते, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा माणसाला बरे वाटत असले तरी इस्पितळात दाखल करायलाच हवे.

ते एक इंजेक्शन

या झटक्यावरचे पहिले आणि मुख्य औषध एकच, अ‍ॅड्रेनॅलिन. हे आपल्याच शरीरात मूत्रपिंडावरच्या ग्रंथींत तयार होणारे द्रव्य आहे. ते आवळलेली श्वासनलिका मोकळी करते, सैल पडलेल्या रक्तवाहिन्या घट्ट करते, सूज उतरवते आणि हृदयाला बळ देते. ते दंडात किंवा कातडीखाली नव्हे, मांडीच्या स्नायूत द्यायचे असते, कारण तिथून ते सर्वांत लवकर रक्तात जाते. गरज पडली तर ५ ते १५ मिनिटांनी पुन्हा देतात. बाकीची इंजेक्शने, म्हणजे खाज थांबवणारी आणि स्टेरॉइडची, ही नंतरची. ती अ‍ॅड्रेनॅलिनची जागा घेऊ शकत नाहीत.

त्याची ॲम्प्यूल अत्यंत स्वस्त असते आणि सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत तिचे नाव आहे. परदेशात रुग्ण खिशात बाळगतात ती तयार पेने मात्र महाग असतात आणि आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात सहज मिळत नाहीत. नाकात मारायचा फवाराही आता निघाला आहे, अमेरिकेने त्याला ऑगस्ट २०२४ मध्ये मान्यता दिली. ज्याला आधी गंभीर झटका येऊन गेला आहे, त्याने आपल्या डॉक्टरांना थेट विचारावे : ‘मी जवळ काय ठेवावे? किती मात्रा? घरात कोणाला शिकवाल?’ स्वतः मनाने ॲम्प्यूल आणून घरी ठेवणे बरोबर नाही. मात्रा चुकली किंवा शिरेत गेली तर हृदयावर ताण येतो.

एक प्रश्न मात्र आपण सगळ्यांनी विचारायला हवा. ज्या दवाखान्यात आपण ताप आला की सुई घेतो, तिथे अ‍ॅड्रेनॅलिन ठेवलेले आहे का? हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. जिथे इंजेक्शन दिले जाते तिथे हे औषध हाताशी असायलाच हवे. चांगल्या डॉक्टरला अशा प्रश्नाचा राग येत नाही. तसेच, कोणतेही इंजेक्शन घेतल्यावर अर्धा तास तिथेच बसावे. कोरोनाच्या लसीनंतर आपल्याला अर्धा तास बसवून ठेवत होते, ते याचसाठी. कोट्यवधी लोकांना लस दिली गेली, असे झटके फार थोड्यांना आले, पण जे आले ते बहुधा याच अर्ध्या तासात. हजला जाण्यापूर्वी मेंदूज्वराची लस घेणाऱ्यांनीही ही अर्धी घटका टाळू नये.

झटका ओसरला की लगेच घरी पळायचे नाही. काही जणांना काही तासांनी, काहीही न खाता-घेता, तोच झटका पुन्हा येतो. डॉक्टर थांबा म्हणतील तेवढे थांबावे. ‘आता बरं वाटतंय, दुकान उघडायचंय,’ हे सांगून सुट्टी मागू नये.

स्वस्त औषध आणि पोहोचलेले ज्ञान

औषध स्वस्त असूनही माणसे मरतात, कारण माहिती वेळेवर पोहोचत नाही. याचे आपल्या महाराष्ट्रातले मोठे उदाहरण डॉ. हिंमतराव बावस्कर यांचे आहे. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावचा हा गरीब घरातला मुलगा आपल्या नागपूरच्या मेडिकलमध्ये शिकून डॉक्टर झाला आणि कोकणात महाडच्या बाजूला नोकरीला गेला. तिथे लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसे आणि मुले मरत होती. विंचवाचे विष आणि ॲलर्जी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, उपचारही वेगळे. पण बावस्करांनी केले ते आपल्याला शिकवणारे आहे. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या, १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध नियतकालिकात त्या मांडल्या, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने हे रुग्ण वाचतात हे दाखवून दिले. गंभीर रुग्णांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ती गोळी बावस्करांनी बनवलेली नव्हती. ती आधीच दुकानात होती. ती कोणाला, केव्हा द्यायची हे ज्ञान त्यांनी गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवले. ॲलर्जीच्या झटक्याबाबत आपल्याला तेवढेच करायचे आहे.

दावत, रोजा आणि सवयी

आपल्या दावतीत काजू, पिस्ता, बदाम, चारोळी नसलेला गोड पदार्थ विरळाच. रस्सा घट्ट व्हावा म्हणून दाण्याचे कूट, काजूची पेस्ट, खसखस घातली जाते आणि ती ताटात दिसत नाही. ज्याला ॲलर्जी आहे त्याने लाजू नये. थेट विचारावे, ‘यात काजू आहे का?’ आणि यजमानाने ‘थोडंसंच आहे, काही होत नाही’ असा आग्रह करू नये. पाहुण्याला खाऊ घालण्याचा सवाब त्याला आजारी पाडून मिळत नाही.

पाकीटबंद पदार्थांवर, २०२०च्या लेबल नियमांनुसार, गहू वगैरे ग्लूटेनयुक्त धान्ये, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी, मासे, अंडी, दूध, शेंगदाणे व सुकामेवा, सोयाबीन आणि ठरावीक प्रमाणाहून जास्त सल्फाइट यांचा उल्लेख बंधनकारक आहे. तिळाचा या यादीत समावेश नाही, हे तिळाची ॲलर्जी असलेल्यांनी लक्षात ठेवावे. सुटी मिठाई, फरसाण यांवर तर काहीच लिहिलेले नसते.

रमजानमध्ये आणखी एक अडचण येते. इफ्तारनंतर किंवा सहरीत खाल्लेल्या वस्तूने झटका आला, किंवा दिवसा डंख बसला, तर ‘रोजा तुटेल’ म्हणून पुरुष औषधाला नकार देतात. आजाऱ्याला रोजा सोडण्याची आणि नंतर कजा करण्याची सवलत दीनने दिलेली आहे. जीव धोक्यात असताना संकोच करायची ही जागा नाही. कोणाच्या मनात शंका असेल तर त्याने आपल्या मोहल्ल्यातील आलिमांना ती आजच विचारून घ्यावी. झटका आल्यावर विचारायला वेळ नसतो.

घरी, मस्जिदीत, शाळेत

आमच्या विद्यार्थ्याच्या घरी पुढे काय झाले ते सांगतो. त्याच्या अम्मीने गोळीची रिकामी पट्टी जपून ठेवली आणि डॉक्टरांना दाखवली. डॉक्टरांनी औषधाचे नाव, आणि त्याच जातीची इतर कोणती औषधे घ्यायची नाहीत, हे एका कागदावर लिहून दिले. मुलाने त्याची मराठी आणि उर्दूत सुवाच्य नक्कल केली. एक प्रत वडिलांच्या पाकिटात, एक घराच्या भिंतीवर आणि एक मोबाइलच्या कव्हरमागे. वडील आता दुकानात गोळी मागताना आधी तो कागद पुढे करतात. सुरुवातीला त्यांना अवघड वाटले. आता त्यांच्याबरोबर काम करणारेही असा कागद ठेवू लागले आहेत.

एवढे प्रत्येक घरात होऊ शकते. घरातल्या पुरुषांना बसवून तीन प्रश्न विचारा. कोणत्या गोळीने, खाण्याने किंवा डंखाने कधी अंगावर काही उठले आहे का? सध्या कोणत्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाब आणि साखर शेवटची कधी तपासली? उत्तरे लिहून ठेवा. पहिल्या प्रश्नाला ‘हो’ उत्तर आले तर डॉक्टरांकडे जा, आणि अंदाजाने रक्ततपासण्या करत बसण्यापेक्षा काय खाल्ल्यावर, किती वेळाने, काय झाले हा तपशील त्यांना सांगा. निदानाला तोच सर्वांत उपयोगी पडतो.

दिवसा घरात बहुधा बायका आणि मुलेच असतात. म्हणून १०८ ला काय सांगायचे याची तालीम त्यांच्याकडूनच करून घ्या. आठवीतल्या मुलीला हे जमते, आम्ही वर्गात करून पाहिले आहे. मस्जिदीच्या कमिटीने जुमाच्या दिवशी नमाजनंतर एखाद्या डॉक्टरला बोलावून पंधरा मिनिटे प्रथमोपचार दाखवायला लावले, तर एकाच वेळी मोहल्ल्यातले शेकडो पुरुष शिकतील. जिथे पुरुष स्वतःहून दवाखान्यात जात नाहीत, तिथे दवाखान्यानेच त्यांच्यापर्यंत आलेले बरे.

कुटुंबासाठी राबणारा माणूस स्वतःचे दुखणे लपवतो, तेव्हा त्याला वाटते की आपण घरच्यांची काळजी वाचवली. खरे तर त्याने ती उद्यावर ढकललेली असते. शरीर ही अल्लाहने सोपवलेली अमानत आहे आणि अमानतीची खबर ठेवणे हे कर्त्या माणसाचेच काम आहे. या महिन्यात एकदा जेवणानंतर अब्बूंना, भाईजानला, मामूंना ते तीन प्रश्न विचाराच. ते ‘काही नाही’ म्हणतील. तरी विचारा.